कागदी होड्यांचा बोर्डगेम: घडी हीच चाल असू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या सागरी व्यापारावर चार जणांसाठी एक बोर्डगेम करायचा आहे, वय आठच्या पुढे. होड्या, किल्ले, हत्ती, माड, वखारी अशा मिळून चाळीसेक वस्तू ओरिगामीच्या हव्या आहेत. कागद कोणता घ्यावा, घड्या खेळाडूंनी घालाव्यात की तयार करून द्याव्यात, आणि नियम करायला सुरुवात कुठून करावी?

मी बरीच वर्षं कागदाच्या घड्या शिकवतो आणि खेळही तयार करतो, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नियमांची सुरुवात घडीपासून करा. आधी नियम लिहायचे आणि मग सोंगट्यांच्या जागी ओरिगामी बसवायची, असं केलं की खेळ दिसतो छान, पण अर्ध्या तासात मुलं होड्या बाजूला सारून बटणं घेऊन खेळायला लागतात. कारण बटण पडत नाही, उडत नाही, चुरगळत नाही. मी एकच कसोटी लावतो: कागदी वस्तूच्या जागी बटण ठेवलं तर खेळात काही बिघडतं का? बिघडत नसेल तर तिथे ओरिगामी नको.

ही कसोटी तुमच्या यादीला लावली की किल्ले, हत्ती आणि माड गळतात. ते एका जागी उभे राहतात, काही करत नाहीत. ते पटावर छापून टाका. हत्तीच्या चांगल्या घड्या आठ वर्षांच्या मुलाला जमणाऱ्या नसतात, आणि जमणाऱ्या हत्तीला हत्ती म्हणायला मोठं मन लागतं. उरल्या होड्या आणि वखारी. एवढ्यावर खेळ उत्तम होतो.

कागद स्वतःच खेळत असेल तर काय होतं, हे जपानी मुलांच्या कागदी सुमोत बघा. खोक्यावर गोल आखायचा, घडी घातलेले दोन कागदी पैलवान समोरासमोर उभे करायचे आणि खोक्याच्या कडांवर बोटांनी टकटक करत राहायचं. जो पडला किंवा गोलाबाहेर गेला तो हरला. कागद हलका आहे, थरथरतो, कधी पडेल याचा नेम नाही, आणि त्या बेभरवशाच्या वागण्यावरच सगळा खेळ उभा आहे. टुणकन उडी मारणाऱ्या कागदी बेडकाचंही तेच. दोन्हीकडे कागदाचा दोष वाटणारी गोष्ट खेळाच्या कामाला लावली आहे.

तुमच्या विषयासाठी हाताशी आहे ते पारंपरिक घड्यांचं एक कुटुंब. चौरसाच्या दोन बाजू मध्यरेषेवर आणायच्या, मग वरची-खालची कड मध्यावर आणताना आतले कोपरे बाहेर ओढायचे. मधोमध दुमडली की दोन कप्प्यांची जोडहोडी. दोन टोकं उलट दिशांना फिरवली की भिंगरी. भिंगरीचं एखादं पातं वळवून ती कर्णावर मागे दुमडली की शिडाची होडी. आपल्याकडे पावसाच्या दिवसांत हे घरोघर चालायचं. बालवाडीची कल्पना मांडणाऱ्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या बालवाड्यांतही याच घड्या शिकवत. या कुटुंबाची खुबी अशी की एका आकारातून दुसऱ्यात जाताना कागद पूर्ण उघडावा लागत नाही, आणि नव्या रेषाही जवळजवळ पडत नाहीत. त्याच खुणांवरून कागद इकडून तिकडे वळतो. म्हणजे एकाच सोंगटीला तीन अवस्था फुकटात मिळाल्या. प्लास्टिकच्या प्याद्याला हे जमत नाही. त्याच्यासाठी वेगळे बिल्ले, टोप्या, ठोकळे लागतात.

आता या तीन अवस्था मुळात कशा आहेत ते हातात घेऊन पाहा.

जोडहोडीला दोन्ही अंगांना वरून उघडे कप्पे असतात. त्यांत वस्तू राहते. मग हीच मालवाहू होडी. माल म्हणून चिंचोके घ्या. बाहेरून कप्प्यात काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे चिंचोका भरलाय की खडा, हे समोरच्याला कळत नाही. फसवाफसवीचा एक पदर आपोआप आला, त्यासाठी पत्ते छापायला नकोत.

शिडाच्या होडीला कप्पा नाही. ती रिकामी आणि वेगवान. उभी राहायला मात्र ती कुरकुर करते, म्हणून पटावर आडवीच ठेवायची.

भिंगरी सपाट असते. पटावर पसरून पडते, हलत नाही. ही किनाऱ्यावर ओढून घेतलेली होडी. पावसाळ्यात शिडाची गलबतं आणि मचवे समुद्रात जात नसत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्या पुन्हा खुला. खेळात पावसाळा आला त्या वेळी जी होडी भिंगरी झालेली नाही, तिचा माल बुडाला. लहान मुलांना हा नियम एकदा सांगितला की पुन्हा सांगावा लागत नाही, कारण सपाट वस्तू ‘विसावलेली’ दिसतेच.

आणि मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट: जोडहोडीची भिंगरी किंवा शिडाची होडी करायला गेलात तर कप्पे उघडतात आणि चिंचोके खाली पडतात. म्हणजे ‘माल उतरवल्याशिवाय अवस्था बदलता येत नाही’ हा नियम पुस्तिकेत लिहायलाच नको. कागद तो स्वतः पाळून घेतो. घडीचा खेळ रचताना असे नियम शोधत राहावं. जेवढे जास्त सापडतील तेवढी पुस्तिका आखूड.

अवस्था ठरल्या, पण त्यांची किंमत ठरवणं हे खरं काम आहे आणि ते कागद-पेन्सिलीनं आधी करता येतं. समजा किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे सात बंदरं घेतली: वसई, चौल, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला. टोकापासून टोकापर्यंत सहा टप्पे. एका पाळीत दोन चाली. जोडहोडी एका चालीत एक टप्पा जाते, शिडाची दोन. जोडहोडीतून भिंगरी ही एक चाल आणि भिंगरीतून शिडाची होडी ही दुसरी, असं धरलं तर काय होतं बघा. वेंगुर्ल्याला माल उतरवून रिकाम्या हातानं वसईला परतायचंय. शीड लावायला दोन चाली, प्रवासाला तीन, पुन्हा जोडहोडी करायला दोन, एकूण सात. जोडहोडीनंच रमतगमत आलात तर सहा. म्हणजे इतक्या लांब पल्ल्यालाही शीड लावणारा मूर्ख ठरतो. असा खेळ चाचणीला नेलात तर तिसऱ्या पाळीनंतर एकही शीड दिसणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की मुलांना घडी अवघड जातेय. अवघड काही नाही, परवडत नाही.

आता आकडे बदला. शिडाची होडी एका चालीत तीन टप्पे, आणि बंदरात उभी असताना जोडहोडीपासून शिडापर्यंतचं सगळं रूपांतर मिळून एकच चाल. सहा टप्प्यांना एक अधिक दोन अधिक एक, म्हणजे चार, जोडहोडीला सहा. पाच टप्प्यांना चार विरुद्ध पाच. चार टप्प्यांना आणि तीन टप्प्यांना दोन्ही बरोबरीत. दोन टप्प्यांना शीड तोट्याचं. हे गणित मला पटतं: जवळ जायचं तर घडी मोडू नका, लांब जायचं तर मोडा, आणि मधल्या पल्ल्यांत डोकं खाजवा. भिंगरीतून कुठल्याही बाजूला जायला एक चाल ठेवा, म्हणजे पावसाळा संपताना प्रत्येकाला ठरवावं लागेल की आधी माल भरायचा की आधी पुढचं बंदर गाठायचं.

शिडाच्या होडीची जपानी गंमत अनेकांना ठाऊक असते. समोरच्याला शिडाचं टोक चिमटीत धरून डोळे मिटायला सांगायचं, आपण दोन टोकं खाली वळवायची. डोळे उघडल्यावर त्याच्या हातात शीड नसून होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, असते. जपानीत तिला दामाशीबुने, म्हणजे फसवी होडी, म्हणतात. ती चाच्यांच्या हल्ल्यासाठी वापरावी असं कुणीतरी सुचवेलच. माझं मत नको असं आहे. ती एकदाच फसवते. दुसऱ्यांदा सगळ्यांना उत्तर माहीत असतं. मुलं मधल्या वेळात ती करतीलच, करू द्या.

ऋतू फिरवायला फासा किंवा पत्ता घेऊ नका. तिथेही घडी चालते. षटकोनी फ्लेक्सॅगॉन म्हणून एक कागदी वस्तू आहे. १९३९ मध्ये प्रिन्स्टनला शिकणाऱ्या आर्थर स्टोन या इंग्रज विद्यार्थ्यानं अमेरिकन कागद आपल्या फायलीत बसावा म्हणून कडेची पट्टी कापली आणि त्या पट्ट्यांशी चाळा करताना ती सापडली. १९५६ च्या डिसेंबरात गणितातल्या गमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी तिच्यावर लेख लिहिला आणि ती जगभर गेली. सगळ्यात सोप्या प्रकाराला दहा समभुज त्रिकोणांची एक पट्टी लागते. दहावा त्रिकोण डिंक लावायला. तयार षटकोन चिमटीत धरून मिटवला आणि मधून उमलवला की नवा चेहरा वर येतो. चेहरे तीन. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. एकाच बाजूनं उमलवत राहिलात तर ते क्रमानंच येतात, म्हणजे ऋतूंचा क्रम चुकायची सोय नाही. जो खेळाडू सगळ्यांत आधी दोन खेपा पूर्ण करेल त्यानं तो उमलवायचा, असं केलं तर पावसाळा कधी येणार हे खेळाडूंच्याच हातात राहील आणि ते एकमेकांवर दात-ओठ खातील. ही एक वस्तू मात्र डिंक लावून तयार द्या.

नशिबासाठी काही हवंच असेल तर कवड्या बऱ्या. बोटांत घालून चार चोची उघड-मीट करायचं ते भविष्य सांगणारं खेळणं फाशाच्या जागी वापरायचा मोह होतो. ते यादृच्छिक नसतं. ते आळीपाळीनं दोनच बाजू दाखवतं. आकडा सम की विषम एवढ्यावर कुठली बाजू उघडणार ते ठरतं. दहा वर्षांची चलाख मुलगी दुसऱ्या डावात हे ओळखते आणि मग हवं ते उत्तर काढते. कागदी फाशाचंही सांगतो. पाण्याचा फुगा म्हणून आपण जो ठोकळा फुगवतो, त्याला एका बाजूला भोक असतं आणि दोन बाजूंना खिशात खोचलेले जास्तीचे थर. तो सरळ पडेल अशी अपेक्षाच नको. सहा सारख्या सोनोबे तुकड्यांचा, म्हणजे वेगवेगळे घडवून एकमेकांत खोचायच्या तुकड्यांचा, ठोकळा सहाही बाजूंनी सारखा असतो, तो बरा. तरी तपासा: १२० वेळा टाका, प्रत्येक आकडा २० च्या आसपास यायला हवा. एखादा आकडा १२ पेक्षा कमी किंवा २८ पेक्षा जास्त आला तर संशय घ्यायला जागा आहे.

आता मापं. इथे बहुतेक जण अडकतात, कारण कागदाचा आकार आणि तयार वस्तूचा आकार यांचं नातं कुणी मांडून बघत नाही. जोडहोडीत चौरसाची कड तशीच्या तशी टोकापासून टोकापर्यंत येते. म्हणजे १० सेंमी चौरसाची होडी १० सेंमी लांब आणि कप्प्याची खोली त्याच्या पाव, अडीच सेंमी. बुद्धिबळासारखा ८ × ८ घरांचा पट केलात तर तो ८० सेंमीचा होईल. तेवढं टेबल कुणाच्या घरी नसतं. कागद ५ सेंमीचा घेतलात तर पट आवरेल, पण आठ वर्षांच्या बोटांना तेवढ्यात कोपरे ओढता येत नाहीत. म्हणून चौकटींचा पट सोडा, थोडी मोठी ठिकाणं आणि त्यांना जोडणारा किनारा ठेवा. माझी पसंती ३ इंचांना, म्हणजे ७.६ सेंमीला. कप्पा १.९ सेंमी खोल होतो, चिंचोका आरामात बसतो.

ए२ कागद ५९.४ सेंमी लांब असतो. सात बंदरं पाडली तर प्रत्येकाला साधारण साडेआठ सेंमी किनारा. जोडहोडी नाळ किनाऱ्याकडे करून उभी केली तर तिला चार सेंमी रुंदी पुरते, म्हणजे बंदरात दोनच होड्या मावतात. हाच नियम करा: बंदरात दोन, तिसरी बाहेर थांबेल. जागेची टंचाई हा बंदरांच्या खेळाचा जीव आहे आणि तो तुम्हाला फूटपट्टीनं दिला.

वखारीसाठी जपानी मासू, म्हणजे मापाचं चौकोनी खोकं, घ्या. चौरसाच्या बाजूला २.८३ नं भागलं की तळ मिळतो, त्याच्या निम्मी उंची. ए४ मधून निघणाऱ्या २१ सेंमीच्या चौरसातून ७.४ सेंमी तळाचं आणि ३.७ सेंमी उंचीचं खोकं होतं. खेळाडूमागे एक. जिंकलेले चिंचोके त्यात जातात, आणि खेळ संपल्यावर होड्याही. वखार हलत नाही, मग बटणाच्या कसोटीत ती कशी टिकली? तिच्यात वस्तू राहते म्हणून.

कागदाबद्दल. तीन गोष्टी सांभाळायच्या: घडी किती वेळा मोडणार, हवा कशी, आणि छपाई.

तुमच्या होडीची एकच घडी एका डावात कितीतरी वेळा उलटसुलट होणार. पहिला बळी मधोमध, जिथे सगळ्या रेषा एकमेकींना छेदतात, तिथे जातो. बारीक भोक पडतं आणि तिथून फाटत जातं. कागद कारखान्यात घडीची सहनशक्ती मोजतात, ताणलेली पट्टी दोन्ही बाजूंना १३५ अंशांत पुन्हा पुन्हा वळवून, तुटेपर्यंत. लांब तंतूंचा आणि सुती कागद त्यात खूप पुढे असतो. आपल्या नोटा सुती कागदाच्या असतात त्या उगाच नाही. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद तयार होतो, चिंध्यांच्या लगद्याचा. त्यातला पातळ कागद या कामाला फार गोड असतो. पण तो छपाईला आणि खिशाला जड. रोजच्या खेळाला ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा) टिंटेड, म्हणजे आतपर्यंत रंगलेला, कागद पुरतो. १०० च्या वर जाऊ नका, थर चढत गेले की टोकं जाड होतात आणि घडी बसत नाही.

घोटीव कागद सरावाला ठीक, खेळाला नाही. त्याचा रंग वरवर असतो. घडी दोन-चारदा उलटली की तिथे पांढरी रेघ उमटते आणि मग रंगाचे पापुद्रे निघतात. डिजिटल छपाईत गडद रंग भरलात तर टोनरचंही असंच होतं. म्हणून खेळाडूंचे रंग छापू नका, चार रंगांचे टिंटेड कागद घ्या आणि त्यावर फक्त काळ्या बारीक खुणा छापा. स्वस्तही पडतं. लॅमिनेशन पटाला करा, मॅट. होडीला अजिबात नको. प्लास्टिकचा थर घडी मिटू देत नाही, ती सारखी उघडू पाहते आणि शेवटी थर सुटतो.

हवेचं म्हणाल तर पावसाळ्यात कागद तुटत नाही, मलूल होतो. ओलाव्यानं तंतू मऊ पडतात, घडी उलट जास्त सोसतात, पण होडी ताठ उभी राहत नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत बरोबर उलटं: ताठ राहते आणि लवकर फाटते. यावर एकच उपाय हाताशी आहे, तंतूंची दिशा. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. जिकडे सहज वाकतो त्या वळणाच्या रेषेला समांतर तंतू असतात. होडीची लांबी त्या दिशेला आली की ती मधून वाकत नाही. कापताना चौरसाच्या एका कडेला बारीक बाण छापा, म्हणजे चौरस फिरवला तरी दिशा कळेल.

आणि पंखा. ७ सेंमीची होडी ७५ जीएसएम कागदात साधारण ०.३७ ग्रॅमची. ए४ मधून ७ सेंमीचे बारा चौरस निघतात, म्हणजे चार खेळाडूंचं तीन-तीन होड्यांचं सगळं आरमार मिळून पाच रुपयांच्या एका नाण्यापेक्षा हलकं. मे महिन्यात पंखा बंद ठेवून खेळा, असं नियमपुस्तिकेत लिहिणाऱ्याला मी हात जोडतो. इथेही चिंचोका कामाला येतो. तो सहसा एकट्या होडीपेक्षा जड भरतो, खाली कप्प्यात बसतो आणि होडी हलत नाही. भरलेली होडी स्थिर, रिकामी डळमळीत, अगदी समुद्रात असते तशी. रिकाम्या होडीसाठी प्रत्येकाला दोन खडे ‘भरण’ म्हणून द्या. जुन्या गलबतांतही रिकाम्या परतीला तळाशी दगड भरत. आणि मघाचा चिंचोका की खडा हा संशय त्यातूनच चालतो.

घड्या कोणी घालायच्या? खेळाडूंनीच, पण खेळ सुरू होण्याआधी, सगळ्यांनी एकत्र बसून. खेळाच्या मध्ये नवी होडी घडवायला लावू नका. एकाची दोन मिनिटांत होते, दुसऱ्याची सात मिनिटांत, आणि उरलेले छताकडे बघत बसतात. पाळीत फक्त रूपांतर हवं, हात बसला की काही सेकंदांत होणारं. ‘जो आधी घडवेल तो जिंकला’ अशा शर्यतीही टाळा. दहा वर्षांच्या ताईपुढे आठ वर्षांचा भाऊ रडणार हे ठरलेलं.

सूचनांसाठी तुटक रेषा म्हणजे दरी (आपल्याकडे वळणारी, खोलगट घडी), तुटक-टिंब म्हणजे डोंगर (मागे वळणारी, उंचवट्याची घडी), ही जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावा यांच्यापासून चालत आलेली खूण-पद्धत आपल्या सवयीची, पण पहिल्यांदा कागद हाती घेणाऱ्याला ती परकी भाषा आहे. चौरसावर कोपऱ्यांना आणि कडांच्या मध्यांना आकडे छापा आणि सूचना ‘१ ला ५ वर आण’ अशा ठेवा. ब्रिटनमध्ये जॉन स्मिथ यांनी १९७० च्या दशकात ‘प्युअरलँड’ नावाचा एक शिरस्ता मांडला: एका वेळी एकच साधी डोंगर किंवा दरी घडी, घडी उलटवून आत खोचणं नाही. तुमच्या होडीत कोपरे बाहेर ओढायची एक पायरी त्यात बसत नाही, आणि मुलं अडखळणार ती तिथेच. त्या पायरीला पुस्तिकेत पानभर जागा द्या, बाकीच्या सगळ्या मिळून एका पानात. आणखी एक बारीक गोष्ट: बाजू मध्यरेषेवर आणताना तंतोतंत भिडवू नका, नखभर फट ठेवा. कडा एकमेकींवर चढल्या की कोपरे ओढताना कागद अडतो आणि फाटतो. छपाईतच मध्यरेषेऐवजी दीड-दोन मिलिमीटरची करडी पट्टी छापली की फट आपोआप राहते. खुणा कागदाच्या एकाच बाजूला छापा. दोन्ही बाजूंची छपाई साध्या यंत्रावर मिलिमीटरभर सरकते आणि मग कुठली रेषा खरी हा वाद होतो.

छापखान्यात १२ × १८ इंचांचा कागद मागा. त्यात ३ इंचांचे चोवीस चौरस बरोबर बसतात. चार रंगांचा प्रत्येकी एक कागद छापलात तर एका रंगाचे चोवीस चौरस येतात, एका डावाला तीन लागतात, म्हणजे चार कागदांत आठ डब्यांचं काम होतं. मात्र डब्यात प्रत्येक रंगाचे तीन नाही, सहा घाला. फाटणारच आहेत. त्यासोबत घरी छापता येईल असा नमुना मोफत द्या. कागद हा संपणारा माल आहे हे आधीच मान्य केलेलं बरं. होड्या सपाट चौरस म्हणूनच पाठवा, घडवून नाही. पटाला मात्र पुठ्ठा लावा आणि बंदरं पटाच्या घडीवर येणार नाहीत असं बघा, नाहीतर दाभोळला उभी केलेली होडी दर वेळी चौलच्या दिशेनं कलंडेल. ए२ पट तीन घड्यांत ए५ होतो. झटक्यात उघडणारी मिउरा घडी नकाशाला छान, पटाला नको. तिच्या उंचसखल पृष्ठावर एवढी हलकी वस्तू उभी राहत नाही.

हक्कांचं विचारलं नाहीत, पण सांगतो. होडी, भिंगरी, मासू या पारंपरिक घड्या, फ्लेक्सॅगॉन ही गणिती वस्तू. कुणाची परवानगी लागत नाही. आधुनिक ओरिगामीकारांच्या रचना मात्र त्यांच्या मालकीच्या असतात, नुसती रेषाकृती उचलली तरी प्रकरण वाढतं. २०११ मध्ये रॉबर्ट लँग आणि आणखी पाच ओरिगामीकारांनी अमेरिकेत एका चित्रकर्तीवर याच कारणासाठी खटला भरला होता; तो २०१३ मध्ये तडजोडीनं मिटला. तुमच्या बाजूनं पाहिलं तर खेळाच्या नियमांमागची कल्पना कॉपीराइटनं राखता येत नाही. राखता येतात तुमची चित्रं, पटाची मांडणी आणि पुस्तिकेचे शब्द.

आता चाचणी. पहिले काही डाव तुम्ही स्वतः होड्या घडवून द्या आणि फक्त चालींचं गणित बघा: शिडं किती वेळा लागली, कोणत्या बंदरात गर्दी झाली, पावसाळ्यात कोण सापडलं. शीड कुणीच लावत नसेल तर टप्पे वाढवा; सगळेच सारखे लावत असतील तर रूपांतर महाग करा. ते जुळलं की मग डबा अशा घरी द्या जिथे ओरिगामी कुणालाच येत नाही, आणि तुम्ही तिथे थांबा, पण बोलू नका. पुस्तिकेतल्या कुठल्या पायरीला कागद उलटासुलटा फिरवला जातो, कुणी ‘हे इकडे की तिकडे?’ विचारलं, कुठल्या क्षणी मोठ्यानं मुलाच्या हातून कागद काढून घेतला, एवढंच लिहून ठेवा. मोठ्यानं कागद काढून घेतला ती पायरी पुन्हा आखायची. बहुधा ती कोपरे ओढायचीच असेल.